मागाच्या शेडमधला उष्मापट्टा: प्रकल्प नोंदी

२८ जानेवारी २०२४, रविवार

सोलापूरची गड्डा यात्रा उरकली, शेडमधले माग पुन्हा पूर्ण पाळीने धडधडू लागले. आजपासून नोंदी. काम असं: यंत्रमागावर बारा तास उभ्या राहणाऱ्या माणसाला उष्मा बाधायच्या आधी कळावं, यासाठी दंडावर बांधायचा कापडी पट्टा. कापड इथेच विणलेलं, विजेच्या तारा त्या कापडातच, आणि सर्किट काढून ठेवून पट्टा नेहमीच्या कपड्यांबरोबर धुता यावा.

शेड अण्णांची, अक्कलकोट रोडच्या बाजूला. वर पत्रा, आत टॉवेलचे माग आणि चादरीचा एक जेकार्ड, म्हणजे नक्षी विणणारा माग. अण्णा स्वतः मागावर उभे राहतात, अक्का कांड्या (आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात बसतात त्या सुताच्या नळ्या) भरतात, शिवाय दोन कामगार आहेत. एक वयस्कर, त्यांना सगळे मामा म्हणतात, आणि एक विशीतला पोरगा. घरात तेलुगू, शेडमध्ये मराठी-तेलुगूची सरमिसळ.

मनगटी घड्याळ आणून का देत नाही, असं पोराने विचारलं. कारण सरळ आहे. तार, म्हणजे मागावरचा सुताचा उभा धागा, तुटली की हात चालत्या मागाच्या जवळ जातो, फणी आणि वही (उभे धागे वर-खाली करणारी चौकट) यांच्या मध्ये बोटं घालून गाठ मारावी लागते. मनगटावर काहीही अडकणारं नको. दंडावर चालेल, तेही ओढ बसली की लगेच सुटणाऱ्या वेल्क्रोवर. दुसरं कारण म्हणजे घड्याळ माणसाची नाडी मोजतं, शेडची हवा मोजत नाही. आम्हाला हवाही मोजायची आहे. तेव्हा दोन भाग: शेडमध्ये टांगलेलं एक मापकेंद्र आणि प्रत्येकाच्या दंडावर पट्टा. केंद्र ब्लूटूथवरून आकडे सोडणार, पट्टा ते घेऊन इशारा देणार.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “ताई, हे धुवायचं कसं ते आधी सांगा की.” पहिल्या पानावर हाच प्रश्न लिहून ठेवला आहे.

४ फेब्रुवारी, रविवार

सेल कोणता घ्यायचा, यावर आजचा सगळा दिवस गेला.

मोबाईल आणि घड्याळांत असतो तो लिथियम पॉलिमरचा चपटा सेल हलका, पातळ, वाटेल त्या मापात मिळणारा. पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट. पण त्याच्या माहितीपत्रकात चार्जिंगची मर्यादा साधारण ० ते ४५ अंश आणि वापराची ६० अंशांपर्यंत असते. मे महिन्यात पत्र्याखालच्या फळीवर दुपारी ४५ अंश होणं इथे नवलाचं नाही. त्यात सेल पूर्ण भरलेला असेल तर दुखणं दुप्पट: जास्त व्होल्टेज आणि जास्त उष्णता एकत्र आली की धन पट्टीजवळ (इलेक्ट्रोडजवळ) इलेक्ट्रोलाइट, म्हणजे सेलमधला द्राव, विघटित होऊ लागतो, वायू धरतो आणि पाकीट फुगतं. असला सेल माणसाच्या कातडीला लावून बारा तास ठेवायला माझं मन घेत नाही.

लिथियम आयर्न फॉस्फेटचं तसं नाही. टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या गटात अक्षय पाधी यांनी केलेल्या कामातून, १९९७ च्या शोधनिबंधातून हे रसायन पुढे आलं. (गुडइनफ यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांच्याबरोबर मिळालं.) यात ऑक्सिजन फॉस्फरसशी घट्ट बांधलेला असतो. सेल तापला तरी तो सहजी सुटत नाही, त्यामुळे आतल्या आत आग भडकायला लागणारा प्राणवायू मिळत नाही. वजनाच्या मानाने वीज कमी साठते, हे खरं. पण आमच्या पट्ट्याला वीज लागतेच किती! सरासरी १ मिलिअँपिअरचा हिशेब धरला तर लहान करंगळीएवढा १०४४० मापाचा सेल, साधारण २०० मिलिअँपिअर-तासांचा, बारा-बारा तासांच्या सोळा पाळ्या ओढतो. नाडीचा सेन्सर सतत चालू ठेवला तर मात्र सरासरी ५ च्या पुढे जाते आणि तिसऱ्या-चौथ्या पाळीला चार्जिंग लागतं.

याची एक अडचण: व्होल्टेज ३.२ च्या आसपास इतकं सपाट राहतं की त्यावरून किती चार्ज उरला ते सांगता येत नाही. शेवटाला आलं की एकदम कोसळतं. म्हणून चार्ज मोजायचा तो खर्च झालेल्या विजेचा हिशेब ठेवून.

मापकेंद्रासाठी सोडियम-आयन. तिथे वजनाची अडचण नाही, १८६५० मापाचा सेल चालतो. सोडियमचा सेल ० व्होल्टपर्यंत उतरवून ठेवला तरी मरत नाही, कारण त्यात दोन्ही पट्ट्यांमागे ॲल्युमिनियमची फॉइल चालते. लिथियमच्या सेलमध्ये ऋण पट्टीमागे तांबं लागतं, आणि सेल फार खाली गेला की तेच विरघळायला लागतं. चीनच्या सीएटीएलने २०२१ मध्ये पहिल्या पिढीचा सोडियम सेल किलोला १६० वॉट-तासांचा म्हणून जाहीर केला. गेल्या डिसेंबरात पुण्यात केपीआयटी या कंपनीने आयसर पुणे या विज्ञानसंस्थेबरोबरच्या संशोधनातून आपलं सोडियम-आयन तंत्रज्ञान जाहीर केलं. मिठातल्या सोडियमवर चालणारा सेल पुण्याहून आला तर आमच्यासारख्यांना फार सोयीचं होईल. तोवर बाहेरून मागवलेला वापरते आहे.

सोडियमचं व्होल्टेज ४ पासून १.५ पर्यंत उतरत जातं. साधा ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर लावला तर बरीच वीज सेलमध्येच अडकून राहते, म्हणून बक-बूस्ट, म्हणजे व्होल्टेज गरजेप्रमाणे चढवणारा-उतरवणारा रेग्युलेटर, लावला आहे. आणि जो कोणी हे वाचून करायला घेईल त्याने हे लक्षात ठेवावं: दुकानात सर्रास मिळणारी टीपी४०५६ ची चार्जिंग पट्टी ४.२ व्होल्टवर थांबते. ती फॉस्फेटला चालत नाही, सोडियमलाही नाही. फॉस्फेटसाठी टीपी५००० घेऊन ती ३.६ वर ठेवायची.

अंगाच्या उष्णतेवर वीज करायची कल्पना मावसभावाने काढली. त्या चकत्यांना कातडी आणि हवा यांच्यातला फरक लागतो. कातडी ३५ अंश आणि शेड ३८, म्हणजे फरक जेमतेम तीन अंशांचा आणि तोही उलट्या दिशेने. थंड देशातलं गणित इथे बसत नाही.

१८ फेब्रुवारी, रविवार

पडदा. ओलेड, म्हणजे स्वतः उजळणारा पडदा, डोळ्यात भरतो, पण त्याच्या आतला थर ओलाव्याने मरतो. त्याचं आवरण इतकं घट्ट असावं लागतं की एका चौरस मीटरमधून दिवसभरात साधारण एक मायक्रोग्रॅमहून जास्त वाफ आत जाता कामा नये. काचेत ते जमतं. वाकणाऱ्या पातळ पडद्यात, घामाने भिजणाऱ्या दंडावर, स्वस्तात जमणं कठीण.

तापमानाने रंग बदलणारा धागा सुचला होता, म्हणजे कापडच पडदा. नमुना मागवला तो ३१ अंशांना रंग सोडणारा. एप्रिलमध्ये सोलापुरात तो सकाळी न्याहारीच्या वेळीच पांढरा होऊन दिवसभर तसाच राहील. जास्त अंशांचे रंगही मिळतात, पण हवा कोरडी की दमट हे रंगाला कळत नाही, आणि आमचा सगळा प्रश्न तिथेच आहे.

ई-पेपर घेतला. एमआयटीच्या मीडिया लॅबमधून १९९७ मध्ये निघालेल्या ई इंक कंपनीचं हे तंत्र: केसाच्या जाडीच्या कुप्या, आत पांढरे आणि काळे कण, दोघांवर विरुद्ध भार. पट्टीला व्होल्टेज दिलं की एक रंग वर, दुसरा खाली. चित्र उमटलं की वीज बंद केली तरी तसंच राहतं. आमचा इशारा तासात चार-पाच वेळा बदलणार, तेव्हा हा सोयीचा. बहुतेक नमुन्यांची मर्यादा ५० अंश आहे. दंडावर ठीक, पत्र्याला लागून नको.

पडद्यावर काय दाखवायचं, ते अक्कांनी ठरवून दिलं. मी मराठीत शब्द लिहिले होते. त्या म्हणाल्या, “मामांना तेलुगू वाचता येतंय, पोराला मराठी, मला दोन्ही थोडंथोडं. तांब्या काढा.” आता तीन चित्रं आहेत: रिकामी चौकट म्हणजे ठीक, तांब्या म्हणजे पाणी प्या, पूर्ण काळा पडदा म्हणजे सावलीत बसा. गाठ मारता मारता तिरक्या नजरेनेही कळतं.

आवाजाचा इशारा बाद. शेडमध्ये मोबाईलवरच्या मापात नव्वद डेसिबलच्या पुढे जातं, तिथे बझर कोणाला ऐकू येणार? थरथरणारी मोटर ठेवली आहे. छोटी थरथर मागाच्या हादऱ्यात विरून जाते. एक सेकंदाची लांब थरथर, थांबून परत एक, अशी दिली तर मामांना कळते.

२ मार्च, शनिवार

विणायला सुरुवात झाली. आजचा दिवस मला पुष्कळ शिकवून गेला, म्हणून सविस्तर लिहिते.

विजेचा धागा स्टीलचा, मीटरला पन्नासेक ओहम रोध. चांदीचा मुलामा दिलेला नायलॉन जास्त चांगला वाहतो, पण घाम आणि साबणाने मुलामा काळा पडतो, उडतो. स्टील टिकतं.

ताण्यात (उभ्या धाग्यांत) घालायचा की आडव्यात? ताण्यातला धागा वहीच्या डोळ्यातून आणि फणीच्या दातांतून हजारो वेळा घासला जातो, स्टीलचे बारीक केस निघतात आणि शेजारच्या धाग्याला चिकटतात. आडव्यात घातला तर घासणं फार कमी. शिवाय बीम (उभे धागे गुंडाळलेला रूळ) नव्याने भरायला लागत नाही, फक्त एक कांडी बदलते. अण्णांचा कौल आडव्यालाच होता. तेव्हा पट्ट्याची लांबी कापडाच्या रुंदीत धरायची आणि नंतर आडवे तुकडे कापायचे.

अक्कांनी स्टीलचा धागा कांडीवर भरायला घेतला तर तो बसेना. स्प्रिंगसारखा उसळून टोकावरून वेटोळी सुटायची, मग धोट्यात गुंता. अक्कांनी त्याच्याबरोबर सुताचा एक धागा घेऊन दोन्ही एकत्र भरले. सुताने स्टीलला धरून ठेवलं आणि धोटा बिनबोभाट चालला. हे मला कुठल्या पुस्तकात मिळालं नसतं.

विजेच्या चार तारा हव्या होत्या: वीज, जमीन (विजेची परतीची तार) आणि संदेशाच्या दोन. मी प्रत्येकीसाठी तीन आडवे धागे मागितले. अण्णा म्हणाले, “तीन नाही जमत. दोन घ्या, नाही तर चार.” मागाला धोटे बदलण्याची पेटी एकाच बाजूला आहे. स्टीलचा धोटा पलीकडे गेला की तो परत पेटीत आल्याशिवाय सुताचा धोटा निघत नाही. जाणं-येणं मिळून धागे जोडीनेच पडणार. चार घेतले. तीस सेंटिमीटरच्या पट्ट्यात एका धाग्याला १५ ओहम, चार समांतर म्हणजे ४ ओहमहून थोडं कमी. नाडी मोजणारा दिवा ४० मिलिअँपिअर ओढतो त्या क्षणी जाताना दीडशे मिलिव्होल्ट पडतात, परतीच्या तारेवर तेवढेच. सेन्सरच्या तोंडाशी एक कपॅसिटर ठेवला की हे झटके तिथल्या तिथे भरून निघतात.

सेलसाठी खिसा शिवायचा विचार होता. पण अण्णांच्या जेकार्डावर दुहेरी वीण बसते, वरचा आणि खालचा थर वेगवेगळा विणून हवा तिथे एकमेकांत अडकवता येतो. पुढचं कापड त्याच मागावर घ्यायचं आणि खिसा विणतानाच सोडायचा, असं ठरलं. ज्या शहराच्या चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, तिथे खिसा शिवून लावण्यापेक्षा विणून काढणं मला जास्त पटतं.

३ मार्च, रविवार

कापलेल्या तुकड्यांत दोन तारांमध्ये अधूनमधून शॉर्ट दिसतो. भिंगाखाली बघितलं: कापलेल्या टोकाशी स्टीलचा एक केस शेजारच्या तारेपर्यंत पोचलेला. तारांमधलं अंतर एक सेंटिमीटर केलं आणि कापण्याआधी त्या जागी पातळ फ्यूजिंग (इस्त्रीने चिकटणारं अस्तर) इस्त्री केली. शॉर्ट गेला.

१६ मार्च, शनिवार

अंगावर घालायच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये सगळ्यात दुबळी जागा कुठली, तर मऊ कापड जिथे कडक सर्किटला भेटतं ती. कापड वाकतं, सर्किट वाकत नाही, मधला सांधा तुटतो. स्टीलवर साधं डाग देणं (सोल्डरिंग) बसत नाही. ॲसिडच्या फ्लक्सने बसतं, पण ते ॲसिड कापडात राहून नंतर खात सुटतं.

उपाय मावसभावाच्या गणवेशाच्या कारखान्यात मिळाला. तिथे दिवसभर टिचबटणं ठोकली जातात. बटणाचे दात कापडातून आरपार जाऊन चारही स्टीलच्या धाग्यांना चावतात, डाग नको की गोंद नको. कापडावर चार बटणं, सर्किटच्या डबीवर त्यांच्या चार जोड्या. टच्च करून लावायचं, ओढून काढायचं. अण्णांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हेच: डबी काढा, सेल काढा, पट्टा बादलीत टाका.

बटणाखाली रोध मोजला. ठोकण्याआधी स्टीलचे धागे तिथे एकत्र वळून घेतले तर चारही तारांवर जवळपास सारखा येतो, नाही तर एखादा धागा दातांतून सुटतो.

३० मार्च, शनिवार

आज रंगपंचमी. रंगात भिजलेले पट्टे नळाला पाणी आल्यावर अक्कांनी इतर कपड्यांबरोबर धुतले. धुण्याने काही बिघडलं नाही, रोध थोडासा वाढला आहे, इतकंच.

घामाने मात्र बिघडलं. पोराने वापरलेल्या पट्ट्यावर विजेच्या बटणाभोवती हिरवं कडं धरलं होतं, जमिनीचं बटण स्वच्छ. पितळेच्या बटणावर निकेलचा पातळ थर असतो. घामातलं मीठ, दोन बटणांमध्ये सतत ३ व्होल्ट, म्हणजे ते एक लहान विद्युत-विघटनाचं भांडंच झालं, धन बाजूचं तांबं विरघळून हिरवं होत गेलं. तीन बदल केले. वीज आणि जमीन ही बटणं शेजारी न ठेवता दोन टोकांना नेली. सेन्सर झोपलेला असताना त्या तारेवरची वीज पूर्ण तोडली, त्यामुळे दर मिनिटाला दोन-तीन सेकंदच व्होल्टेज राहतं. आणि पितळेऐवजी स्टेनलेस स्टीलची बटणं मागवली. महाग आहेत, पण कातडीला निकेल लागण्याचा प्रश्नही त्याने कमी होतो.

९ एप्रिल, मंगळवार

पाडवा. शेड बंद. मापकेंद्र टांगून झालं: हवेचं तापमान आणि आर्द्रता यांसाठी एसएचटी३१, आणि टेबल टेनिसच्या चेंडूला बिनचमकीचा काळा रंग देऊन त्याच्या पोटात डीएस१८बी२० सेन्सर. पत्र्यातून खाली येणारी झळ या काळ्या गोळ्याला लागते. खरा गोलक तापमापक १५० मिलिमीटरचा तांब्याचा असतो. ४० मिलिमीटरच्या चेंडूला वाऱ्याचा परिणाम जास्त होतो, हे लक्षात ठेवून आकडे वाचायचे.

२१ एप्रिल, रविवार

या आठवड्याचे आकडे समोर ठेवून बसले आहे. ज्यासाठी हे सगळं मांडलं, ते आता दिसायला लागलं आहे.

दुपारी तीनला बाहेर ४२ अंश, आर्द्रता १५ टक्के. त्याच वेळी शेडमध्ये ३८ अंश, आर्द्रता ४५ टक्के. तापमापकाकडे बघणारा म्हणेल, आत बरं आहे. रोलंड स्टल यांच्या २०११ च्या सूत्राने ओलं तापमान, म्हणजे ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक दाखवेल ते, काढलं: बाहेर २२ अंश, आत २८. घाम सुकून अंग गार होणार की नाही, ते या ओल्या तापमानावर ठरतं. म्हणजे चार अंशांनी ‘गार’ असलेली शेड घामाच्या दृष्टीने सहा अंशांनी वाईट.

काळा गोळा ४२ दाखवत होता. शेडमधला उष्म्याचा निर्देशांक, ज्याला डब्ल्यूबीजीटी म्हणतात, तो ओल्या तापमानाचे सात भाग आणि गोळ्याचे तीन भाग धरून येतो: साधारण ३२. आयएसओ ७२४३ या मानकात उन्हाची सवय असलेल्या माणसाच्या मध्यम कष्टाच्या कामाला २८ ही संदर्भ-मर्यादा आहे, हलक्या कामाला ३०. आमची शेड दोन्ही ओलांडून पुढे. स्टल यांचं सूत्र हलत्या हवेतल्या ओल्या तापमानाचं आहे, तेव्हा आकडा काटेकोर नाही, पण इशाऱ्यापुरता पक्का आहे.

आता आर्द्रता ४५ का? कारण अण्णा दर दोन तासांनी जमिनीवर पाणी मारतात. सूत ओलं असलं की जास्त मजबूत होतं, कोरडं पडलं की तार तुटते. सुती विणकामाच्या शेडला ८० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता हवीशी असते. सुताला जे हवं तेच माणसाला घातक, आणि पाणी मारणारा हात एकच. मी हिशेब करून दाखवला: ३८ अंशांवर आर्द्रता ४५ वरून ६० वर नेली तर ओलं तापमान ३१ च्या पुढे जातं. अण्णा बराच वेळ आकड्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “दुपारी तार तुटती म्हणून मी पाणी वाढवायचो. आणि त्याच वेळी मामांना गरगरायचं.”

पाणी बंद करा, असं मी म्हणणार नाही. तारा तुटल्या की तेवढं कापड कमी, आणि इथे मजुरी कापडावर मिळते. पण पाणी सकाळी मारायचं की भर दुपारी, हे ठरवायला आता आकडा आहे.

२८ एप्रिल, रविवार

फेब्रुवारीपासून शेडच्या वरच्या फळीवर पत्र्याच्या डब्यात दोन्ही जातींचे सेल पूर्ण भरून ठेवले होते. लिथियम पॉलिमरचं पाकीट हाताला फुगीर लागतं आहे, क्षमता स्पष्ट घटली आहे. फॉस्फेटच्या सेलमध्ये मोजण्याच्या चुकीपलीकडे फरक नाही. नमुने थोडे आहेत, एवढ्यावरून नियम सांगता येत नाही. आमच्या पट्ट्यापुरता निर्णय मात्र पक्का झाला. चार्जिंग पहाटेच करायचं, आणि सेलजवळच्या थर्मिस्टरने (तापमान मोजणाऱ्या भागाने) ४५ दाखवलं की चार्जर आपोआप थांबेल.

७ मे, मंगळवार

मतदानाची सुट्टी. बोटाला शाई लावून सगळे शेडमध्येच गप्पांना जमले, तेव्हा नाडीच्या सेन्सरचा विषय निघाला. मामा इतके दिवस काही बोलले नव्हते. आज म्हणाले, “हे यंत्र मालकाला सांगणार का, मी किती वेळ बसलो?”

अण्णांसारखा मालक असेल तर भीती नाही, पण उद्या हा पट्टा दुसऱ्या शेडमध्ये गेला तर? कोणाची नाडी कधी वाढली, कोण कितीदा सावलीत बसलं, हे कुणाच्याही हाती जाऊ नये. कापडावर मजुरी घेणाऱ्याच्या पोटावर ते येऊ शकतं. निर्णय लगेच घेतला: नाडीचा आकडा पट्ट्यातच वापरायचा, साठवायचा नाही, पाठवायचा नाही. ब्लूटूथवरून पट्ट्यातून काहीच बाहेर जाणार नाही, तो फक्त केंद्राचं ऐकेल. फर्मवेअरमधून, म्हणजे पट्ट्याच्या चिपमधल्या प्रोग्रॅममधून, पाठवण्याचा भागच काढून टाकला, म्हणजे नंतर कुणाला एक बटण दाबून चालू करता येणार नाही.

नाडी तशीही बेभरवशाची ठरते आहे. प्रकाशावर मोजणारा सेन्सर हात हलला की चुकतो, आणि मागावरचा हात सतत हलतो. माणूस दोन मिनिटं थांबला तरच आकडा धरायचा.

१५ मे, बुधवार

केंद्राच्या आकड्यांवरून दोन गोष्टी झाल्या, दोन्ही अण्णांनी केल्या.

पहिली, पत्र्यावर बाहेरून चुन्याचे दोन हात. आधी दुपारी काळा गोळा हवेपेक्षा ४ अंश वर असायचा, आता २ अंश वर राहतो. पत्र्याची झळ निम्म्यावर आली. निर्देशांकात नुसत्या त्या दोन अंशांचा वाटा ०.६, आणि हवाही थोडी उतरली ते वेगळं. चुन्याचा खर्च माझ्या एका पट्ट्यापेक्षा कमी आला.

दुसरी, पाळीची वेळ. पहाटे पाचला माग सुरू, दुपारी एक ते चार बंद, मग रात्री नऊपर्यंत. पहाटे शेडमध्ये २८-२९ अंश असतात, तेव्हा पाणी मारून आर्द्रता वाढवली तरी अंगाला सोसतं आणि तारही तुटत नाही. पोराला ही वेळ आवडलेली नाही, त्याची संध्याकाळ जाते. मामांना बरी वाटते.

भिंतीवर सगळ्यांना दिसेल असा मोठा ई-पेपर लावायची मागणी आली आहे. दुकानांत किमतीच्या पट्ट्यांसाठी असतात तसल्या पडद्यातला एक लावून बघणार आहे. हवेचा आकडा सगळ्यांचा सारखाच, तो भिंतीवर दिसला तर पट्ट्याकडे फक्त थरथर आणि आपापल्या कातडीचं तापमान उरतं. तेवढ्यावर सेल आणखी लहान होईल.

९ जून, रविवार

मृगाचा पाऊस लागला. हवा ३१ अंशांवर उतरली, पण आर्द्रता ७५ टक्क्यांवर. निर्देशांक खाली आला तरी वाटतो तेवढा नाही. जमिनीवर पाणी मारणं पूर्ण बंद आहे, सूत आपोआप नरम राहतं.

पावसाळ्यात पट्टा सुकायला दोन दिवस घेतो. टॉवेलचं पाईल (वर आलेले धाग्यांचे फासे) असलेलं कापड घाम छान शोषतं, पण ओलं राहिलं की तारांमध्ये गळती दिसते. म्हणून पुढच्या कापडात तारांच्या जागी पाईल नको, साधी वीण हवी. अण्णा म्हणतात, पाईलचा बीम तेवढ्यापुरता सैल न सोडता आवळून धरला की त्या पट्टीत साधीच वीण पडते.

जेकार्डावरच्या कापडाची मापं आज त्यांना दिली: पट्ट्याची लांबी ३० सेंटिमीटर, चार तारा, प्रत्येकीत चार आडवे धागे, दोन तारांत एक सेंटिमीटर अंतर, मधोमध ५ सेंटिमीटर लांबीचा विणलेला खिसा, एक तोंड उघडं. स्टीलची बटणं आली आहेत. नक्षीच्या कार्डांना आठवडा लागेल, तोवर अक्का सुताबरोबरच्या कांड्या भरून ठेवणार आहेत.